एअर सस्पेन्शनची हिवाळ्याची तयारी: आधी गळती, मग ड्रायर, मग बाकी सगळं

एअर सस्पेन्शनची, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी कडाक्याच्या थंडीत अडते ती बहुतेकदा सकाळी. रात्री सरळ उभी असलेली गाडी एका कोपऱ्यावर बसलेली असते, कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरत राहतो, डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडी काही वर उठत नाही. मालक थंडीला दोष देतो, मेकॅनिक कॉम्प्रेसर बदलायला सांगतो. माझ्या मते दोघंही घाई करतात. निव्वळ थंडीने मोडलेला भाग क्वचितच सापडतो. खरा बिघाड काही महिने आधी, उबदार आणि दमट दिवसांत सुरू झालेला असतो. कुठेतरी बारीक गळती असते, तिच्यामुळे कॉम्प्रेसर जास्त चालतो, त्यामुळे हवा कोरडी करणारा ड्रायर ओला होतो आणि मग नळ्यांत पाणी साचत जातं. पारा शून्याखाली गेला की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि तोवर लपून राहिलेलं सगळं एका रात्रीत उघडं पडतं.

म्हणून तयारी थंडी पडायच्या आधी करायची, आणि तीही एका क्रमाने. हा क्रम चुकला की पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. तो असाच का, हे समजण्यासाठी आधी यंत्रणा आतून कशी चालते ते पाहू.

हवेवर उभी असलेली गाडी

साध्या गाडीत चाक आणि बॉडी यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंग असते. एअर सस्पेन्शनमध्ये तिच्या जागी रबराचा फुगा असतो. फुगा म्हटलं तरी तो नाजूक नसतो. त्याच्या रबरात मजबूत धाग्यांचे थर असतात आणि आत साधारण ५ ते १० बार दाबाची हवा असते. तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये २ ते अडीच बारच्या आसपास हवा असते. फुग्याचं खालचं टोक एका नळकांड्यासारख्या पिस्टनवर बसवलेलं असतं. चाक वर आलं की रबर त्या पिस्टनवरून खाली गुंडाळलं जातं, चाक खाली गेलं की उलगडतं. ज्या जागी रबर दुमडतं ती जागा सतत काम करत असते. फुगा म्हातारा होतो तो तिथेच, आणि पहिल्या बारीक चिरा पडतात त्याही तिथेच.

फुग्यांना हवा पुरवतो एक छोटा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. त्याच्यातून निघालेली हवा ड्रायरमधून जाते. नव्या बुटांच्या खोक्यात छोट्या पुडीत जे दाणे मिळतात, त्याच जातीचे ओल शोषणारे दाणे या ड्रायरमध्ये भरलेले असतात. पुढे व्हॉल्व्ह ब्लॉक येतो. त्यात प्रत्येक फुग्यासाठी एक विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. तिथून बारीक प्लास्टिकच्या नळ्या फुग्यांपर्यंत जातात. चाकांजवळ उंची मोजणारे सेन्सर असतात. एक छोटा दांडा सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो, तो जसा फिरेल तशी कंट्रोल युनिटला उंची कळते. एखादा कोपरा खाली दिसला की युनिट कॉम्प्रेसर चालू करतं आणि त्या फुग्याचा व्हॉल्व्ह उघडतं. कोपरा वर दिसला की हवा बाहेर सोडतं. बऱ्याच गाड्यांत हवेची एक साठवण टाकीही असते.

यात दोन घराणी आहेत. बहुतेक गाड्यांची यंत्रणा उघडी असते, म्हणजे बाहेरची हवा आत घ्यायची आणि नको झाली की बाहेर सोडायची. काही गाड्यांत बंद यंत्रणा असते. तिच्यात तीच कोरडी हवा टाकी आणि फुगे यांच्यात फिरत राहते. बंद यंत्रणेत ओलाव्याचा त्रास मुळातच कमी असतो, पण गळती सुरू झाली की तिलाही बाहेरची हवा ओढावी लागते आणि मग दोघींचं दुखणं एकच होतं.

हे तंत्र नवं नाही. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंग होत्या. पुढे अनेक मालकांनी कटकटींना कंटाळून त्या काढल्या आणि पोलादी स्प्रिंग बसवल्या. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं आणि यंत्रणा बरीच शहाणी झाली. पण रबर, हवा आणि पाणी यांचे नियम तेच राहिले, आणि हिवाळ्यात प्रश्न त्यांचाच असतो.

थोडी खाली बसलेली प्रत्येक गाडी आजारी नसते

हवा थंड झाली की आकसते. किती, हे शाळेतल्या नियमावरून काढता येतं, फक्त तापमान निरपेक्ष मापात, म्हणजे केल्विनमध्ये धरायचं. संध्याकाळी २० अंश सेल्सिअसला, म्हणजे २९३ केल्विनला उभी केलेली गाडी पहाटे उणे २० अंशांपर्यंत, म्हणजे २५३ केल्विनपर्यंत गार झाली, तर फुग्यातल्या हवेचं आकारमान जवळजवळ १४ टक्क्यांनी घटतं. गाडीचं वजन तेवढंच असल्यामुळे आतला दाब जवळपास तोच राहतो, आणि आकसलेल्या हवेवर गाडी खाली येते. एकही छिद्र नसताना गाडी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर बसू शकते. सुरू केल्यावर कॉम्प्रेसर थोडा चालतो आणि गाडी उठते. यात बिघाड काही नाही.

निरोगी बसणं आणि गळतीचं बसणं यांत फरक ओळखायचा कसा? थंडीने गाडी बसते तेव्हा चारही कोपरे साधारण सारखे बसतात, आणि एका मर्यादेपर्यंतच बसतात. गळती असली तर एखादा कोपरा किंवा एखादी बाजू इतरांच्या पुढे जाते, आणि उबदार रात्रीही थोडी का होईना बसतेच.

इथे एक फसवी गोष्ट आहे. काही गाड्यांचं कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही अधूनमधून जागं होतं आणि उंच राहिलेल्या कोपऱ्यांची हवा सोडून गाडी समतल करतं. मग एकाच फुग्याच्या गळतीमुळे सकाळी अख्खी गाडी सारखी खाली बसलेली दिसते आणि आपण ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देतो. गाडी सारखीच बसते पण दर आठवड्याला जास्त बसते, असं दिसलं तर तापमानाकडे बोट दाखवून गप्प बसू नये.

मोजमाप नेमकं हवं. सपाट जमीन निवडा. गाडीत कुणी बसलेलं नको, डिकीतलं सामान दोन्ही वेळा तेवढंच हवं. मेजरिंग टेपने चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा हिशेब बिघडवते, म्हणून चाकाच्या मध्यापासूनच मोजायचं. रात्री एकदा, सकाळी गाडीचं कुलूप उघडण्याआधी एकदा. कुलूप उघडताच काही गाड्या जाग्या होऊन स्वतःला सावरू लागतात आणि पुरावा पुसला जातो. हे आकडे तारीख आणि तापमानासह लिहून ठेवले, तर गॅरेजमध्ये अर्धं निदान झाल्यातच जमा आहे.

गळती शोधायची ती उबदार दिवशी

गाडी सर्वात वरच्या उंचीवर नेऊन ठेवली की फुगा उलगडतो आणि एरवी आत दुमडलेलं रबर दिसतं. साबणाचं पाणी फवारायच्या बाटलीत भरून फुग्याची घडी, वरची टोपी, नळी जिथे फुग्यात शिरते ती जागा आणि व्हॉल्व्ह ब्लॉकचे सांधे यांवर फवारा. बुडबुडे येतात तिथे गळती. हे काम गोठणाऱ्या थंडीत होत नाही, कारण साबणाचं पाणीच गोठतं. तयारी लवकर करायची त्याचं हे एक अगदी साधं कारण.

मात्र जॅकच्या किंवा हवेच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका. फुग्याने अचानक हवा सोडली तर गाडी एका क्षणात खाली येते. खाली बघायचंच असेल तर गाडी भक्कम स्टँडवर किंवा गॅरेजच्या लिफ्टवर हवी.

पुष्कळ गाड्यांत फुगा शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच बांधलेला असतो आणि बाहेरून ॲल्युमिनियमच्या आवरणाने आणि रबरी बुटाने, म्हणजे रबरी खोळीने झाकलेला असतो. तिथे फुगा दिसतच नाही. अशा वेळी निदान तो बूट फाटलेला नाही ना, त्याचा पट्टा सुटलेला नाही ना, हे पाहा. बूट फाटला की वाळू आणि मीठ थेट घडीत जाऊन बसतं आणि रबर प्रत्येक खड्ड्यागणिक घासलं जातं. स्वस्तातला भाग महागड्या भागाला कसा मारतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

सांध्यांवरच्या ओ-रिंगबद्दल, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्या सर्वात जास्त चकवतात. रबर थंड झालं की कडक होतं आणि दाबल्यावर लगेच पूर्ववत येत नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, त्याच्या मुळाशी गारठलेली ओ-रिंगच होती. चौकशीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो बाहेर काढल्यावर लगेच फुलत नाही, हे सगळ्यांसमोर दाखवलं. गाडीतल्या जुन्या ओ-रिंगचंही तसंच होतं. थंडीत तिच्याभोवती फट राहते आणि हवा निसटते. गाडी गॅरेजमध्ये नेली, ती तिथे ऊब धरते, ओ-रिंग पुन्हा फुलते आणि मेकॅनिकला गळती सापडत नाही. अशा वेळी गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी गारठलेल्या अवस्थेतच तपासायला सांगावं. हे सांगायला संकोच करू नये.

आतलं पाणी येतं कुठून

आता ज्यावर सगळं फिरतं त्या ड्रायरकडे येऊ.

२० अंशांना हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ धरू शकते. समजा आर्द्रता ६० टक्के आहे, म्हणजे १००० लिटर हवेत साधारण १० ग्रॅम पाणी आहे. ती हवा दाबून १०० लिटर केली आणि पुन्हा २० अंशांपर्यंत निवू दिली, तर त्या १०० लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम वाफ मावते. उरलेले आठेक ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. हवा दाबली की पाणी सुटणारच, त्यात कॉम्प्रेसरचा दोष नाही. तीच दाबलेली हवा शून्य अंशांपर्यंत गार झाली की १०० लिटरमध्ये फक्त अर्धा ग्रॅम मावतो. म्हणजे रात्री गाडी जसजशी गारठते तसतसं आणखी पाणी सुटत जातं.

ड्रायरचे दाणे हे पाणी शोषतात. पण दाण्यांची भूक अमर्याद नसते, म्हणून यंत्रणेत एक सुंदर सोय केलेली असते. गाडी खाली उतरताना फुग्यातली कोरडी हवा ड्रायरमधूनच उलट दिशेने बाहेर जाते. दाब कमी झाल्यामुळे ती हवा अधिकच कोरडी झालेली असते आणि जाताजाता दाण्यांतली ओल सोबत घेऊन जाते. वर जाताना ओल शोषायची, खाली येताना ती बाहेर टाकायची. निरोगी गाडीत हा हिशेब वर्षानुवर्षं जुळत राहतो.

गळती नेमका हाच हिशेब मोडते. हवा ड्रायरमधून परत न जाता फुग्याच्या चिरेतून किंवा सांध्यातून निसटते. कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा नवी दमट हवा आत ओढतो, दाणे ओल शोषत राहतात, पण त्यांना सुकवणारी हवा काही परत येत नाही. दाणे तुडुंब झाले की पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि नळ्यांत जातं. व्हॉल्व्हमधली वाट काही मिलिमीटरचीच असते. तिथे एक थेंब गोठला तरी तो कोपरा उठत नाही, किंवा हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकतो आणि गाडी वरच राहते.

हिवाळ्यातली हवा स्वतः कोरडी असते. उणे २० अंशांच्या हवेत घनमीटरला एखादा ग्रॅमच वाफ असते. त्यामुळे जानेवारीत व्हॉल्व्ह गोठवणारं पाणी जानेवारीत आत आलेलं नसतं, ते दमट महिन्यांत गोळा झालेलं असतं. पहिल्या बर्फाच्या दिवशी तपासणी करून फारसा उपयोग नाही, तो यामुळेच.

क्रम आता आपोआप ठरतो. आधी गळती बंद करायची, मग ड्रायर. गळती तशीच ठेवून नवा ड्रायर बसवला तर तोही काही महिन्यांत भिजतो. आणि गळती, ड्रायर दोन्ही तसेच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवणं हा या विषयातला सर्वात महाग आणि सर्वात जास्त होणारा गैरखर्च आहे. जुना कॉम्प्रेसर ज्या कारणाने जास्त चालून झिजला, ते कारण जागच्या जागी असतं आणि नवाही त्याच वाटेने जातो. कॉम्प्रेसर खरोखर संपला असेल, तर त्याच्यासोबत त्याचा रिलेही, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विचही बदलून घ्यावा. जुना रिले चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो.

ड्रायर किती ओला आहे हे बाहेरून दिसत नाही, पण खुणा मिळतात. व्हॉल्व्ह ब्लॉकची नळी सोडली आणि तिच्यातून थेंब आले, तर शंकेला जागा नाही. हवा सोडण्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसली तर दाणे कुटले जाऊ लागलेत. ती भुकटी व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसली की तिथेही गळती सुरू होते. अनेक कॉम्प्रेसरचा ड्रायर किंवा नुसते दाणे वेगळे बदलता येतात. पूर्ण युनिट घ्यायला सांगितलं तर हा प्रश्न आधी विचारा. हवा आत घेण्याच्या नळीवरचा छोटा फिल्टरही त्याच वेळी पाहून घ्या, कारण तो तुंबला की कॉम्प्रेसरला दम लागतो.

ट्रकच्या हवेच्या ब्रेकमध्ये पाणी गोठू नये म्हणून अल्कोहोल घालण्याची जुनी रीत आहे. ती पाहून काही जण कारच्या नळ्यांतही तसलं काहीतरी ओततात. कंपनीने बसवलेल्या एअर सस्पेन्शनमध्ये हे करू नये. ड्रायरचे दाणे आणि रबरी सील त्यासाठी बनवलेले नसतात. बाहेरून बसवून घेतलेल्या, मोठी टाकी असलेल्या सेटची गोष्ट वेगळी. त्यांच्या टाकीच्या तळाशी पाणी काढायची चावी असते. थंडी सुरू होण्याआधी ती उघडून टाकी रिकामी करावी आणि हिवाळाभर दर आठवड्याला तेच करावं.

मीठ, चिखल आणि सेन्सरचे दांडे

रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. साधं मीठ फार तर उणे २१ अंशांपर्यंतच पाणी पातळ ठेवू शकतं, म्हणून जास्त थंडीच्या ठिकाणी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. गाडीच्या खाली एकदा चिकटली की ती जागा सुकतच नाही. सर्वात आधी गंजतात उंचीच्या सेन्सरचे दांडे आणि त्यांचे छोटे गोल सांधे. सांधा आखडला की सेन्सर खोटी उंची सांगतो आणि गाडी त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून एक कोपरा वर-खाली करत बसते. दांड्यावर बर्फाचा गोळा जमला असताना चाक जोरात हललं, तर दांडा तुटतोसुद्धा. थंडीआधी हे सांधे हाताने हलवून पाहावेत. सहज फिरले पाहिजेत. विजेच्या जोडण्यांमध्ये हिरवट थर दिसला तर त्या साफ करून घ्याव्यात.

फुग्यांना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. घडीत अडकलेली माती मऊ ब्रशने काढावी. डिझेल, पेट्रोल, ग्रीस किंवा खनिज तेलाचा कुठलाही स्प्रे रबरावर मारू नये, कारण नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि सैल पडतं. प्रेशर वॉशरचा झोत फुग्याच्या घडीवर आणि सेन्सरच्या जोडणीवर जवळून धरू नये. आणि गाडी धुतल्यावर ओलीच शून्याखालच्या रात्री उभी करू नये. थोडी फिरवून, पाणी निथळून मगच ठेवावी, नाहीतर आपणच धुतलेले सांधे रात्रीत गोठतात.

बॅटरी आणि टायर बदलताना

कॉम्प्रेसर सुरू होताना बराच करंट ओढतो. त्याचा फ्यूज बहुतेकदा गाडीतल्या मोठ्या फ्यूजांपैकी एक असतो. उणे १८ अंशांच्या आसपास शिशाची बॅटरी आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावते. त्यात गळतीमुळे कॉम्प्रेसर वरचेवर चालत असेल तर छोट्या फेऱ्यांत बॅटरी भरतच नाही. व्होल्टेज कमी पडलं की कंट्रोल युनिट सस्पेन्शनची कामं थांबवतं आणि दिवा लावतं, आणि दोष मात्र फुग्यांवर जातो. सस्पेन्शनची तपासणी करण्याआधी बॅटरीची भार देऊन चाचणी करून घेणं म्हणूनच शहाणपणाचं.

हिवाळी टायर बसवताना होणारं नुकसान टाळणं तर अगदी सोपं आहे. गाडी जॅकवर चढवण्याआधी सस्पेन्शन जॅक मोडमध्ये किंवा टायर बदलण्याच्या मोडमध्ये टाकावं. नाहीतर कंट्रोल युनिटला वाटतं की गाडी कलली आहे, आणि ते हवा भरू-सोडू लागतं. लटकलेल्या चाकाच्या फुग्यातली हवा निघून गेली आणि मग गाडी तशीच खाली टेकवली, तर रबर वेडंवाकडं दुमडून चिमटतं. तो फुगा लगेच फुटेलच असं नाही, पण त्या सुरकुतीतूनच पुढे तो फाटतो. दुकानात टायर बदलून घेत असाल तर समोर उभं राहून हा मोड चालू आहे का, एवढं विचारा. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर साखळ्या लावणार असाल तर कमी उंचीचे मोड वापरू नका, आणि पुस्तिकेत साखळ्यांसाठी वेगळी उंची सांगितली असेल तर तीच ठेवा.

रोजच्या वापरातल्या सवयी

गाडी सुरू केली की ती आपल्या उंचीवर येईपर्यंत थांबावं. फुगा रिकामा असताना गाडी आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकलेली असते. तशीच हाकली तर दुमडलेलं, थंडीने कडक झालेलं रबर चिरडलं जातं. पहिले काही किलोमीटर गाडी कडक वाटली तर घाबरायचं कारण नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल थंडीत घट्ट झालेलं असतं, ते चालता चालता सैल होतं.

छपरावरचा बर्फ निघण्याआधी काढावा. तो दुसऱ्याच्या काचेवर उडू नये हे तर आहेच, पण त्याला वजनही असतं. भुसभुशीत ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरलं, तरी दोन चौरस मीटर छपरावरचा ३० सेंटिमीटरचा थर ६० किलो भरतो, आणि ओला बर्फ त्याच्या कितीतरी पट. गाडी समतल राहण्यासाठी कॉम्प्रेसर हे ओझं उचलत बसतो.

चाकांच्या कमानीत साठलेला चिखलबर्फ रात्री गोठून दगडासारखा होतो आणि सकाळी उठणाऱ्या फुग्याला घासतो. गाडी ठेवण्याआधी तो काढून टाकावा. लाथ मारू नये, सेन्सर तिथेच असतो. लाकडी काठीने हळू काढावा. गाडीतून उतरताना आपोआप खाली बसण्याची सोय असेल तर ती हिवाळाभर बंद ठेवावी, नाहीतर गाडी खालच्या बर्फात रुतून बसते आणि सकाळी बर्फाशी झगडत वर येते. जास्त उंचीचा मोड खोल बर्फातून बाहेर पडायला फार उपयोगी आहे. काम झालं की मात्र नेहमीच्या उंचीवर यावं, कारण उंच गाडी निसरड्या वळणावर जास्त डोलते.

तरीही गोठलीच तर

कॉम्प्रेसर चालतो आहे, पण एक कोपरा उठत नाही, असं झालं तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. कॉम्प्रेसर फार वेळ चालून तापला की स्वतःच बंद होतो, आणि वारंवार तसं झालं की त्याची पिस्टन रिंग झिजते. गाडी उबदार, झाकलेल्या जागेत काही तास उभी करावी. उकळतं पाणी ओतणं किंवा ज्योत धरणं कधीही नको. नळ्या प्लास्टिकच्या आहेत, आणि ओतलेलं पाणी थोड्या वेळाने पुन्हा बर्फच होणार. हलवणं भाग असेल तर सपाट पाठीच्या टोइंग ट्रकवर चढवावी आणि पट्टे सस्पेन्शनला न बांधता चाकांना बांधायला सांगावेत.

ऊब मिळाल्यावर गाडी बहुतेकदा काही झालंच नाही अशी उठते. इथेच बरेच जण विषय सोडून देतात. पाणी मात्र आतच असतं, फक्त वितळलेलं, आणि पुढच्या थंड रात्री ते त्याच व्हॉल्व्हमध्ये पुन्हा गोठतं. गाडी उठली त्याच आठवड्यात गळतीची तपासणी, नवा ड्रायर आणि कोरड्या नायट्रोजनने नळ्या फुंकून घेणं, ही तीन कामं त्याच क्रमाने उरकून घ्यावीत. नळ्या उघडल्याच आहेत तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडण्यांच्या ओ-रिंगही बदलून घ्याव्यात.